नेताजींची घरे आणि आपली घरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मंडळाच्या पन्नासाव्या वर्षी मला बोलण्यास पाचारण केले, हा मी माझा बहुमान समजतो. कार्यवाहांनी विषयाचे बंधन घातले नाही. ‘बंगालमधील मराठी माणसाचे कार्य’ असा एखादा भारदस्त विषय मी घेईन अशी त्यांची अपेक्षा असावी. त्या विषयावर येथे पूर्वी पुष्कळ बोलले गेले आहे. सखाराम गणेश देउस्करांचे नाव आपल्या प्रत्येक समारंभात निघते, आणि ते निघावयासच हवे. मराठी घरात जन्मलेल्या या माणसाने १९०४ साली ‘देशेर कथा’ हा ग्रंथ लिहून बंगाली वाचकाला स्वदेशाच्या दारिद्र्याचा हिशेब समजावून दिला. ज्या प्रांतात बर्गींच्या भीतीची गाणी गाऊन आया मुलांना निजवीत, ज्या शहराने १७४२ साली मराठ्यांच्या धास्तीने खंदक खणला, त्याच शहरात शिवाजी-उत्सव सुरू झाला आणि १९०६ साली लोकमान्य टिळक त्या उत्सवासाठी येथे आले. हा सारा इतिहास आपणांस पाठ आहे.

आज मी आपणांस एका घराकडे नेणार आहे. हाजरा रोडवरील महाराष्ट्र निवासापासून ते फार दूर नाही. जतीन दास पार्क स्थानकावर मेट्रोत बसले तर पुढचेच स्थानक त्या घराच्या नावाचे आहे. आपल्यापैकी बहुतेकांनी ते बाहेरून शेकडो वेळा पाहिले असेल. आतून किती जणांनी पाहिले, हे मी विचारणार नाही. चाळीस वर्षे या शहरात राहूनही मी स्वतः प्रथम आत पाऊल टाकले ते नातवाच्या शाळेतील गृहपाठाच्या निमित्ताने. मोठ्या घराचा शेजार लाभला की तो गृहीत धरण्याची माणसाला सवय असते.

हे घर म्हणजे एल्गिन रोडवरील नेताजी भवन. परंतु त्या घरापाशी जाण्यापूर्वी मला आपणांस आणखी एका घरी न्यावयाचे आहे, कारण दुसऱ्या घराचा अर्थ पहिल्याशिवाय लागत नाही.

बंगाली भाषेत राहण्याच्या जागेला दोन शब्द आहेत, हे आपण रोज ऐकतो: ‘बासा’ आणि ‘बाडी’. नोकरीच्या गावी भाड्याने घेतलेली जागा ती बासा. वाडवडिलांची वास्तू जिथे आहे, पूजेला जिथे जावयाचे, ती बाडी. ‘देशेर बाडी’ असे म्हणताना बंगाली माणसाचा स्वर किंचित बदलतो. आपल्याकडेही हा भेद आहे. आपण शहरात ‘बिऱ्हाड’ करतो आणि ‘घर’ गावी असते. पंधरा पंधरा वर्षे राहिलेल्या जागेलाही आपल्या आजी ‘कलकत्त्याचे बिऱ्हाड’ म्हणत. शब्द दोन भाषांतले, पण दुःख एकच.

सुभाषचंद्रांचे कुटुंब असेच बिऱ्हाडकरू होते. त्यांचे वडील जानकीनाथ यांचे मूळ गाव कोदालिया. कोलकात्याच्या दक्षिणेस, आजच्या दक्षिण चोवीस परगणा जिल्ह्यात ते आहे. जानकीनाथ वकिलीसाठी १८८५ साली ओडिशातील कटक येथे गेले आणि तिथेच स्थिरावले. चौदा भावंडांत नववे असलेले सुभाषचंद्र २३ जानेवारी १८९७ रोजी कटकला जन्मले. म्हणजे ज्यांना आज सारे जग बंगालचे सुपुत्र म्हणून ओळखते, ते जन्माने परप्रांतात वसलेल्या बंगाली कुटुंबातील होते. वडील दरवर्षी दुर्गापूजेला कोदालियाला जात. गावाशी असलेला धागा त्यांनी अखेरपर्यंत तुटू दिला नाही.

या संदर्भात सुभाषचंद्रांच्या आत्मकथनातील एक प्रसंग मला आपल्यापुढे मुद्दाम ठेवावासा वाटतो. कटकच्या मिशनऱ्यांच्या शाळेत त्यांचे प्रारंभीचे शिक्षण झाले. तिथे सारे इंग्रजी. १९०९ साली ते रॅव्हेन्शॉ कॉलेजिएट स्कूलमध्ये आले तेव्हा त्यांना मातृभाषेत लिहिता येत नव्हते. त्यांचा पहिला बंगाली निबंध शिक्षकांनी वर्गात वाचून दाखविला आणि व्याकरणाच्या चुकांवरून सारा वर्ग हसला. मुलगा शरमेने लाल झाला. पण त्याने व्याकरण हाती घेतले, आणि वार्षिक परीक्षेत बंगाली विषयात तोच पहिला आला. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या आपल्या मुलांविषयी ज्या आईबापांना रात्री झोप लागत नाही, त्यांनी हा प्रसंग ध्यानात ठेवावा. मातृभाषा उशिरा भेटली म्हणून ती परकी होत नाही. मात्र तिच्यासाठी कोणालातरी बसून मेहनत घ्यावी लागते.

काही वर्षांपूर्वी मी कोदालियाला गेलो. सियालदहच्या दक्षिण शाखेवर सोनारपूर सोडले की पुढचे स्थानक येते. जुन्या लोकांच्या तोंडी असलेले चिंगडीपोता हे नाव जाऊन आता त्याला सुभाषग्राम म्हणतात. लोकलमध्ये बारुईपूरच्या पेरूंच्या टोपल्या होत्या. स्थानकातून सायकल-रिक्षाने वसूंच्या घरी जाता येते. मोठे वृक्ष, शेवाळलेले तळे आणि पूजेचे ठाकुरदालान. मी बराच वेळ त्या दालनासमोर उभा राहिलो. आपल्या देवघरात आणि ओसरीवर वावरणारी जी एक शांतता असते, तीच मला तिथे भेटली. एका मुलाने मला विचारले, ‘आपनार देश कोथाय?’ देश म्हणजे गाव. मी वर्धा जिल्ह्यातील माझ्या खेड्याचे नाव सांगितले खरे, पण सांगताना मनात काहीतरी अडखळले. त्याचे कारण शेवटी सांगेन.

आता एल्गिन रोड. रस्त्याला आता लाला लजपतराय यांचे नाव आहे, पण जुने नाव लोकांच्या जिभेवरून उतरत नाही. जानकीनाथांनी १९०९ साली हे घर बांधले. तीन मजली, पडवी-सज्जांचे, त्या काळच्या सुस्थित वकिलाचे घर. हे बिऱ्हाड नव्हते. शहरात मुळे रोवण्याची ती खूण होती. याच घरात १९४० च्या डिसेंबरात सुभाषचंद्र तुरुंगातून आले. हॉलवेल स्मारकाच्या आंदोलनावरून जुलैत त्यांना अटक झाली होती. नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांनी उपोषण आरंभिले. सरकारला त्यांचा मृत्यू आपल्या हातून नको होता, म्हणून त्यांना घरी सोडण्यात आले. घराभोवती गुप्त पोलिसांचा पहारा बसला. सरकारच्या दृष्टीने तेही एक कारागृहच होते.

त्यांनी आपल्या वीस वर्षांच्या पुतण्याला, शिशिरकुमारांना, जवळ बोलावून आपले एक काम करशील का, असे विचारले. शिशिरकुमार त्या वेळी वैद्यकीचे विद्यार्थी होते. काकांना घराबाहेर काढून दूरच्या रेल्वे स्थानकावर पोचविणे, हे ते काम होते. पुतणी इला हिलाही विश्वासात घेतले गेले. आपण एकांतात व्रतस्थ राहणार, कोणास भेटणार नाही, असे सुभाषचंद्रांनी जाहीर केले आणि खोलीत पडदा लावून घेतला. आईलाही खरा बेत सांगितलेला नव्हता.

१६ जानेवारी १९४१ ची रात्र सरली, दीड वाजून गेला. लांब कोट, सैल पायजमा आणि काळी टोपी अशा वेषात महंमद झियाउद्दीन नावाचा विमा कंपनीचा प्रतिनिधी जिना उतरला. खाली व्हांडरर मोटार उभी होती. तिचा क्रमांक बी.एल.ए. ७१६९. दोन दारे लागल्याचा आवाज होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या बाजूचे दार लावले नाही, नुसते हाताने धरून ठेवले. खोलीतला दिवा इलाने आणखी तासभर तेवत ठेवला. पहाटेपर्यंत मोटार ग्रँड ट्रंक रोडने धनबादच्या दिशेने दूर गेली होती. दुसऱ्या रात्री गोमोह स्थानकावर त्यांनी कालका मेल पकडली. इकडे त्या खोलीत रोज जेवणाचे ताट जात होते आणि ते घरातील तरुण मंडळी संपवीत होती. २६ जानेवारीस ते ‘नाहीसे झाल्याचे’ घरच्यांनी उघड केले, तोवर ते पेशावर मागे टाकून सरहद्दीपलीकडे निघून गेले होते.

आज त्या घरात गेलात तर ती मोटार तळमजल्यावर काचेआड उभी दिसेल. २०१७ च्या जानेवारीत, दुरुस्तीनंतर, राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते तिचे अनावरण झाले. वर त्यांची निजावयाची खोली, पलंग, कपडे, लिहिण्याची खोली जशीच्या तशी आहे. त्या खोलीपासून खाली येणाऱ्या वाटेवर पावलांच्या खुणा काढल्या आहेत. माझा नातू त्या पावलांवर आपली पावले टाकीत चालू लागला. मी त्याला रागावणार होतो, पण थांबलो. इतिहास असाच पायांतून अंगात चढत असावा.

या पावलांचा पुढचा प्रवास आपण जाणता. काबूल, मॉस्को आणि एप्रिल १९४१ मध्ये बर्लिन. फेब्रुवारी १९४३ मध्ये कील बंदरातून पाणबुडीने निघून, वाटेत जपानी पाणबुडीत बदली करून, आग्नेय आशिया. ४ जुलै १९४३ ला सिंगापुरात इंडियन इंडिपेंडन्स लीगचे नेतृत्व. ऑगस्टमध्ये आझाद हिंद फौजेचे प्रत्यक्ष सरसेनापतिपद आणि २१ ऑक्टोबरला अस्थायी सरकारची घोषणा. १४ एप्रिल १९४४ रोजी मणिपुरात मोइरांग येथे तिरंगा फडकला. मग पावसाळा, उपासमार, मलेरिया आणि माघार. एप्रिल १९४५ मध्ये रंगून सोडताना झाशी राणी पलटणीतील मुलींना मागे टाकून ते पुढे गेले नाहीत. त्यांच्याबरोबर चिखलातून पायी चालले. १८ ऑगस्ट १९४५ ला तैहोकूच्या विमान अपघाताने ही कथा संपते. त्या शेवटाविषयी पुढे तीन चौकश्या झाल्या. पहिल्या दोहोंनी अपघाती मृत्यू मान्य केला, तिसरीने तो नाकारला आणि तिसरीचा निष्कर्ष सरकारने २००६ साली फेटाळला. बंगाली घरात हा विषय निघाला तर आपण ऐकावे, वाद घालू नये, असा माझा अनुभवाचा सल्ला आहे.

या कथेत आपली माणसेही आहेत. १९२५ साली सुभाषचंद्रांना मंडालेच्या तुरुंगात नेण्यात आले. लोकमान्यांनी जिथे सहा वर्षे काढली आणि ‘गीतारहस्य’ लिहिले तो हा तुरुंग. त्या लाकडी बराकीतील ऊन, वारा आणि धूळ स्वतः सोसत त्यांनी लोकमान्यांच्या तेथील वास्तव्याविषयी न. चिं. केळकरांना सविस्तर पत्र लिहिले. टिळकांनी ते दिवस कसे काढले असतील याची कल्पना, त्याच भिंतींच्या आत राहिलेल्या माणसाइतकी कोणाला येणार? फौजेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांत सावंतवाडी संस्थानातील जगन्नाथराव भोसले होते. सँडहर्स्टला शिकलेले हे मराठा अधिकारी आझाद हिंद सरकारचे सदस्य होते आणि फौजेच्या प्रमुख धुरीणांपैकी एक होते. स्वातंत्र्यानंतर केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री असताना निर्वासितांच्या मुलांसाठी त्यांनी १९५४ साली राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. आणि ज्या स्त्री-पलटणीचा मी उल्लेख केला तिला नाव मिळाले ते काशीत जन्मलेल्या एका तांब्यांच्या मुलीचे. मणिकर्णिका तांबे हीदेखील महाराष्ट्रापासून दूर वाढलेली मराठी मुलगीच होती. मलायातील रबराच्या मळ्यांवर राबणाऱ्या तमिळ मुली तिच्या नावाने कवायत करीत होत्या. नाव दूर गेले, दूर रुजले. दूर गेलेल्यांचा इतिहास नसतो असे ज्यांना वाटते त्यांनी हे ध्यानात घ्यावे.

परंतु बंधुभगिनींनो, सेनानीचे घर पाहताना नुसते हात जोडून बाहेर पडणे मला पुरेसे वाटत नाही. पूजेच्या जागी प्रश्न विचारीत नाहीत. संग्रहालयात ते विचारावे लागतात. सुभाषचंद्र ज्यांच्या साहाय्याने लढले त्या जर्मनी आणि जपानच्या सत्तांनी जगावर काय आपत्ती आणली हे आज सर्वांस माहीत आहे. याच कोदालिया परिसरात बालपण गेलेला आणखी एक मोठा माणूस होता: नरेंद्रनाथ भट्टाचार्य, म्हणजेच मानवेंद्रनाथ रॉय. त्यांच्या तरुणपणीच्या क्रांतिकार्याच्या कथेत चिंगडीपोता स्थानकावरील १९०७ च्या दरोड्याची आठवण आहे. दुसरे महायुद्ध आले तेव्हा रॉय यांनी फॅसिझमचा पराभव हेच पहिले कर्तव्य मानले आणि दोस्तांच्या युद्धप्रयत्नांस जाहीर पाठिंबा दिला. एकाच परिसरातील दोन पुत्रांनी, दोघांनीही देशासाठी सर्वस्व देऊन, नेमक्या विरुद्ध वाटा धरल्या. रॉय यांचे विचार महाराष्ट्रात रुजले, आणि ज्यांनी ते रुजविले त्यांत कलकत्त्याचीच ‘तर्कतीर्थ’ ही पदवी मिरविणारे लक्ष्मणशास्त्री जोशी अग्रभागी होते.

आणि मराठी सैनिक? तेही दोन्ही बाजूंना होते. ज्या ब्रह्मदेशाच्या आघाडीवर आझाद हिंद फौज उतरली, त्याच आघाडीवर १९४५ साली कांगॉ येथे जपान्यांशी लढून शंकरराव थोरात यांनी डी.एस.ओ. हा सन्मान मिळविला. पुढे स्वतंत्र भारताच्या सैन्यात ते लेफ्टनंट जनरल झाले. भोसले आणि थोरात हे दोघेही मराठे, दोघेही शूर आणि दोघेही पुढे स्वतंत्र भारताच्या सेवेत. यांतला एक देशभक्त आणि दुसरा नव्हे, असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या काळी प्रत्येक विचारी माणसापुढे अवघड निवड होती आणि प्रत्येकाने आपल्या विवेकाला स्मरून ती केली. नेताजींचे मोठेपण मला मान्य आहे ते याचसाठी की त्यांनी निवडीची किंमत दुसऱ्यावर ढकलली नाही. घर, आई, प्रकृती, नाव, सारे आपले डावाला लावले. त्यांची आई १९४३ च्या डिसेंबरात वारली. मुलगा तिला पुन्हा दिसला नाही.

आता मूळ प्रश्न: हे घर टिकले कसे? घरे आपोआप टिकत नाहीत. आपल्या डोळ्यांदेखत या शहरातील किती जुनी घरे गेली आणि त्या जागी इमले उठले ते आपण पाहतो. युद्धानंतर थोरले बंधू शरच्चंद्र यांनी एल्गिन रोडचे घर राष्ट्राला अर्पण केले. ज्या पुतण्याने ती मोटार हाकली होती, ते डॉ. शिशिरकुमार बसू, पुढे बालरोगतज्ज्ञ झाले. त्यांनी १९५७ साली नेताजी रिसर्च ब्यूरो स्थापन केला आणि १९६१ साली येथे संग्रहालय सुरू झाले. मुलांचे दवाखाने सांभाळून हा माणूस वर्षानुवर्षे पत्रे, छायाचित्रे, भाषणांच्या प्रती आणि सहकाऱ्यांच्या आठवणी गोळा करीत राहिला. त्यातून नेताजींच्या समग्र लेखनाचे बारा खंड उभे राहिले. मोटार चालविण्याचे काम एका रात्रीचे होते. कागद राखण्याचे काम आयुष्यभराचे झाले. पहिल्या कामाला धैर्य लागले आणि दुसऱ्याला चिकाटी. मला विचाराल तर दुसरे काम पहिल्याहून सोपे नव्हते.

हे म्हणताना मला माझ्या एका अपराधाची कबुली द्यावयाची आहे. माझे आजोबा बंगाल-नागपूर रेल्वेच्या नोकरीत गार्डन रीचला आले. बिऱ्हाड कलकत्त्यास, घर वर्धा जिल्ह्यात. दर रविवारी ते गावी आपल्या थोरल्या भावाला एक कार्ड लिहीत. त्या भावाने ती सारी कार्डे पत्र्याच्या पेटीत, माळ्यावर, जपून ठेविली होती. तीस-पस्तीस वर्षांपूर्वी गावचा वाडा विकण्याचे ठरले, तेव्हा माझ्या चुलतभावाने मला विचारले, ‘आजोबांच्या कार्डांची पेटी आहे. काय करू?’ मी त्या वेळी बढतीच्या, मुलांच्या परीक्षांच्या आणि जागेच्या कर्जाच्या काळजीत होतो. मी दोन ओळींचे उत्तर पाठविले: ‘जागा नाही. योग्य वाटेल ते कर.’ चुलतभावाने योग्य वाटले ते केले. त्याचा दोष नाही. कार्डे रद्दीत गेली.

त्यांतले एकच कार्ड वाचले, कारण काकूंनी ते पोथीत खुणेसाठी घातले होते. काकू गेल्यावर पोथीबरोबर ते माझ्याकडे आले. तारीख डिसेंबर १९४२ ची आहे. त्या महिन्यात कलकत्त्यावर जपानी विमानांनी प्रथम बाँब टाकले आणि माणसे मिळेल त्या गाडीने शहर सोडू लागली. आजोबांनी लिहिले आहे ते एवढेच: आम्ही कुशल आहोत, रात्री दिवे झाकावे लागतात, मुलांना घेऊन ही तिकडे येत आहे, मला नोकरी सोडून येता येणार नाही, तुळशीपाशी दिवा लावावा.

बंधुभगिनींनो, मी हे कार्ड घेऊन एल्गिन रोडच्या त्या खोलीत उभा राहिलो आहे. एकीकडे परमुलुखात फौज उभारण्यास निघालेला सेनानी. दुसरीकडे त्याच्याच शहरात, त्याच्या भावी मित्रराष्ट्राच्या विमानांखाली, दिवा झाकून कामावर जाणारा एक मराठी कारकून. दोघांची घरे दोन ठिकाणी, दोघांच्याही मागे वाट पाहणारी माणसे. हा कारकून नेताजींविषयी काय म्हणत होता? त्या भीषण १९४३ च्या दुष्काळात त्याने रस्त्यावर काय पाहिले? १९४६ च्या दंगलीत त्याला कोणी आसरा दिला की त्याने कोणाला दिला? ते सारे त्या पेटीत होते. कोदालियाच्या मुलाने ‘आपला देश कोठे’ असे विचारले तेव्हा मी का अडखळलो, हे आता आपल्या लक्षात आले असेल. गावाचे नाव माझ्यापाशी आहे. घर मी घालविले, आणि घरापेक्षाही, त्यातला कागद घालविला. वाडा विकणे कदाचित अपरिहार्य होते. पेटी आणविण्यास मात्र एका माणसाचे रेल्वे-भाडे पुरले असते.

म्हणून सुवर्णमहोत्सवाच्या या व्यासपीठावरून मी तीन विनंत्या करतो. भाषणाच्या शेवटी टाळ्या मिळतात आणि विनंत्या विसरल्या जातात, हे मला ठाऊक आहे, तरीही करतो.

पहिली विनंती मंडळाला. आपल्या कार्यालयातील लोखंडी कपाटात सभांची इतिवृत्ते, वर्गणीची पुस्तके, नाटकांच्या जाहिराती आणि गणेशोत्सवाचे हिशेब आहेत. त्यांतल्या खालच्या कप्प्याला गतवर्षीच्या पावसाची ओल लागली आहे. समारंभाच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढावी, ते कागद वाळवावे, त्यांची सूची करावी आणि छायाप्रती घ्याव्यात. पन्नास वर्षांनी आपल्या शतकमहोत्सवाचा वक्ता आपल्याला दुवा देईल.

दुसरी विनंती प्रत्येक घराला. आपले कुटुंब कोणत्या गावाहून, कोणत्या साली, कशासाठी येथे आले. पहिले बिऱ्हाड कोठे होते. शेजारी कोण होते. अडचणीत कोण धावून आले, एवढे एका पानावर लिहून मंडळाकडे द्यावे. घरात सत्तरीपुढचे माणूस असेल तर हे काम याच महिन्यात करावे. मोठ्या माणसांची चरित्रे लिहिणारे मिळतात. बिऱ्हाडकरूंची चरित्रे बिऱ्हाडकरूंनीच लिहिली पाहिजेत.

तिसरी विनंती तरुण आईबापांना. एका रविवारी मुलांना एल्गिन रोडला न्यावे आणि दुसऱ्या रविवारी सुभाषग्रामच्या लोकलमध्ये बसवावे. सेनानी घडतो तो केवळ रणांगणावर नव्हे, हे त्यांना कळेल. परगावी राहून पूजेला गावी जाणारा बाप, वर्गाने हसल्यावर व्याकरण हाती घेणारा मुलगा, रात्री मोटार काढणारा पुतण्या आणि दिवा तेवत ठेवणारी पुतणी, एवढी माणसे त्याच्या मागे असतात. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांना आपल्या स्वतःच्या गावी न्यावे. तिथे घर उरले नसेल तर ओटा दाखवावा. ओटाही उरला नसेल तर पिंपळ दाखवावा. सावंतवाडीच्या बाजूला ज्यांचे गाव असेल त्यांनी जगन्नाथराव भोसल्यांची आठवण त्या मातीत कोणी जपली आहे का, याची चौकशी करून आम्हांस कळवावे.

बासा आणि बाडी, बिऱ्हाड आणि घर यांतला भेद भिंतींवर अवलंबून नाही, असे मला आता या वयात वाटते. ज्या जागेची आठवण कोणीतरी नेमाने राखतो ती जागा घर होते. त्या अर्थाने पन्नास वर्षे नेमाने दिवा लावून या मंडळाने आपल्या सर्वांच्या बिऱ्हाडांना घरपण दिले आहे. तो दिवा पुढच्या पिढीच्या हाती देण्याची वेळ आता आली आहे, आणि देताना त्याबरोबर कागदांची पेटीही द्यावयाची आहे, एवढेच मला सांगावयाचे होते.

आजोबांचे ते कार्ड मी आज बरोबर आणले आहे. व्याख्यान संपल्यावर ते मंडळाच्या स्वाधीन करीत आहे. मंडळाच्या संग्रहातील पहिली वस्तू म्हणून त्याचा स्वीकार व्हावा, अशी प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.